हिरोने हिरॉईनला काय हाक मारायची?

रोमान्स कथा लिहिताय आणि हिरो दुसऱ्याच भेटीत तिला "पिल्लू" म्हणायला लागलाय? थांबा जरा. माझ्या पहिल्या कथेत मी हेच केलं होतं, मैत्रिणीने तीन पानं वाचली आणि म्हणाली, "अगं हा नुसता पिल्लू पिल्लू करतोय, हिचं नाव काय होतं?" आता बोला.

पिल्लू, शोना, बाबू कोणीही कोणालाही म्हणतं, त्यामुळे वाचकाला त्याचं काहीच वाटत नाही. नाव कसं पडलं ते त्याला दिसायला हवं. समजा ती कायम उशिरा येते आणि दरवेळी फोनवर "पाच मिनिटं, आलेच" म्हणते. तो वैतागून तिचा नंबर "पाच मिनिटं" म्हणून सेव्ह करतो, एकदा तिला ते दिसतं, ती आधी चिडते आणि मग हसत सुटते. झालं, पडलं नाव! आता ते तो, ती आणि वाचक एवढ्या तिघांचंच, म्हणून बाकी कोणाच्या तोंडी देऊ नका, आणि निवेदनात तर अजिबात नको.

खरी मजा पुढे आहे, ते नाव गायब होतं तेव्हा. भांडणात तो "मृणाल, मला आत्ता बोलायचं नाहीये" म्हणाला की बास, डोळे लाल झाले, आवाज चढला वगैरे लिहायची गरजच नाही, खरं नाव ऐकूनच वाचकाच्या पोटात गोळा येतो. पण त्याआधी चारपाच वेळा तरी ते लाडाचं नाव कानावरून गेलेलं पाहिजे हां, नाहीतर कोणाला कळणार काय गेलं ते. मग महिन्याभराने रात्री तिच्या फोनवर नुसता मेसेज, "पाच मिनिटं?" सॉरीबिरी काही लिहू नका.

चिडवायचं नाव असेल तर मात्र जपून. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' (१९०८) मध्ये गिल्बर्ट अ‍ॅनला लाल केसांवरून गाजर म्हणतो, ती त्याच्या डोक्यात पाटी फोडते आणि मैत्री व्हायला पुस्तक संपत येतं. आणि आपल्या कथांमध्ये तो "ए जाडे" म्हणतो आणि ती लाजते. का लाजते??

अजून एक, तिच्याकडे त्याच्यासाठी नाव आहे का बघा. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस' नाटकात (१८७९) नवरा नोराला चंडोल काय, खारुताई काय म्हणत असतो, आधी गोड वाटतं, मग हळूहळू कळतं की हा तिला पाळीव प्राण्यासारखंच वागवतोय. तिथे ते मुद्दाम केलंय, तुमच्याकडून चुकून व्हायला नको.

आणि नाव ठरलं की दारात उभं राहून मोठ्याने हाक मारून बघाच. "ए वेंधळे" जमतं, "माझ्या स्वप्नांच्या राणी" म्हणेपर्यंत ती जिना उतरून गेलेली असते.