सरकारी रुग्णालयातील रुग्णभरतीचे आकडे वयोगट आणि समाजगटानुसार कसे वाचावेत

इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात शहरवासीयांबरोबरच धार, झाबुआ, बडवानी येथील भिल्ल, भिलाला या आदिवासी समाजांतील कुटुंबेही उपचारांसाठी येतात. म्हणून येथील भरतीचे प्रमाण काढताना केवळ इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या छेदात धरू नये. प्रथम रुग्णांची जिल्हावार विभागणी करून प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा हिशेब मांडावा.

त्यानंतर रुग्ण आणि भरती यांत फरक करावा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा एकच रुग्ण वर्षातून अनेकदा दाखल होऊ शकतो.

वय पुष्कळदा अंदाजाने सांगितले जाते आणि 40, 50, 60 अशा आकड्यांवर नोंदी साचतात. त्यामुळे एकेका वर्षाऐवजी रुंद वयोगट घ्यावेत, नवजात बालके मात्र स्वतंत्र ठेवावीत.

समाजगटांची तुलना हा सर्वांत नाजूक भाग आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 21 टक्के होते. पण आदिवासी समाजात तरुणांचा वाटा अधिक असल्यास हृदयविकाराच्या एकूण भरत्या आपोआप कमी दिसतात, म्हणून दर वयोगटनिहाय काढून, आदिवासी आणि इतर अशा दोन्ही गटांना एकच प्रमाणित वयरचना (प्रत्येक वयोगटाचा ठरवलेला समान वाटा) लावूनच तुलना करावी. तरीही दर कमी आला, तर आजार कमी आहे असे लगेच मानणे मला अन्यायकारक वाटते, कारण अंतर, बुडणारी मजुरी आणि भाषेची अडचण यांमुळे अनेक आजारी माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. ज्या नोंदींत समाजगट लिहिलेला नाही, त्या गाळू नयेत. त्यांचा वेगळा रकाना दाखवावा.