बाहेरचा वायरलेस सेन्सर बसवताना

बाहेरचं तापमान मोजून घरातल्या डिस्प्लेवर पाठवणारा हा सेन्सर आणला की लगेच भिंतीवर ठोकू नका, आधी घरातच टेबलावर डिस्प्ले आणि सेन्सर शेजारी शेजारी ठेवा, सेल टाका (कुठल्यात आधी ते मॅन्युअलमधे बघा) आणि दोन्हीकडे चॅनल नंबर एकच आहे ना ते तपासा, सेन्सरवरचा चॅनल बदलायचा बारका स्विच बहुतेकदा सेलच्या झाकणाखाली असतो. तासाभराने दोन्हीकडचं तापमान जवळपास सारखं आलं पाहिजे, एखाद्या डिग्रीचा फरक चालतो.

आता जागा, सगळा खेळ इथेच आहे. थेट ऊन अजिबात नको, नाहीतर हवेचं नाही तर तापलेल्या प्लास्टिकचं तापमान दिसतं! दिवसभर सावली, जमिनीपासून दीडेक मीटर उंची, वारा खेळता, आणि एसीचं आउटडोअर युनिट लांब. पत्र्याच्या छपराखाली तर नकोच.

रेंज डब्यावर १०० मीटर लिहिलेली असली तरी ती मोकळ्या मैदानातली, मधे काँक्रीटची भिंत किंवा लोखंडी ग्रिल आलं की सिग्नल बराच पडतो. स्क्रीनवर नुसते डॅश दिसले तर डिस्प्ले खिडकीजवळ सरकवून बघा. कडाक्याच्या थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, तिथे लिथियमचे घाला, पण रिचार्जेबल नाही.