स्टिअरिंग रॅकचे रबरी बूट बदलताना

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी खान्देशातील उन्हाळा सरताच स्टिअरिंग रॅकच्या (पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) रबरी बुटांची, म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांवरच्या घडीदार आवरणांची, प्रत्येक घडी उलगडून पाहावी. उन्हाने रबर तडकते आणि जळगाव-धुळ्याकडच्या काळ्या मातीची धूळ तेलात मिसळून रॅकच्या दात्यांना कानसेसारखी घासत राहते. बूट काढण्यासाठी टाय रॉड एंड (रॅकचा दांडा चाकाशी जोडणारा आट्यांचा सांधा) सोडवावा लागतो, तेव्हा तो किती फेऱ्यांत निघाला हे मोजून कागदावर लिहावे (खडूची खूण तेलकट हाताने पुसली जाते), आणि जोडणीनंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावेच. पुढची चाके उचललेली असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाट्याने फिरवू नये. आतील तेलाच्या दाबाने नवा बूटही जागेवरून निसटू शकतो.