दम धरायची सवय आणि खणीतलं स्कुबा

आमच्या खानापूर भागात पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत नाहीतर खणीत. मुटका मारायचा, दम धरून तळाची माती वर आणून दाखवायची. मीही त्यातलाच. स्कुबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारणं, शिकताना पहिली आड आली ती हीच विद्या.

दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं टाकीतून छातीभर हवा घेऊन दम धरून वर आलात, तर ती हवा दुप्पट फुगायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत बुडी मारणारा वरचीच हवा घेऊन जातो, म्हणून त्याला हे कधी कळत नाही. कोर्सच्या पहिल्या दिवशी मी दोनदा दम धरला. बाहेर आल्यावर बेळगावचा मित्र म्हणाला, "टाकी पाठीवर हाय की, दम कशाला धरूलालास?"

ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या पायरीचा, कोर्स तारकर्लीला केला, त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. मग प्रशिक्षकाला घेऊन, मालकाला विचारून, इकडच्या एका बंद खणीत उतरलो. पाण्याखाली जायला समुद्रात लागलेलं शिशाचं वजन तसंच कमरेला बांधलं आणि धोंड्यासारखा खाली गेलो! गोड्या पाण्याची घनता कमी. सामानासकट वजन १०० किलो भरत असेल तर अडीचेक किलो शिसं काढावं लागतं. वरचं पाणी कोमट, खाली एका रेषेनंतर एकदम गार. तळाशी गाळात पीओपीचा गणपती बसलेला, रंग उडालेला, सोंड शाबूत. बघायला जवळ गेलो, पायातली फिन (वल्ह्यासारखा पंखा) खाली आपटली आणि गाळ उठला. स्वतःचा हात दिसेना. गाळाजवळ पाय गुडघ्यात वाकवून, बेडकासारखे मागं मारायचे. एकट्यानं उतरायचा तर विचारही नको.

आणखी एक, जे समुद्रावर शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आणि ३०० मीटरच्या वर बुडीचं गणित बदलतं. किती खोल, किती वेळ राहायचं ते सांगणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर उंची आपोआप धरतो की हातानं घालावी लागते, ते आधी बघा. मालवणात दोन बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोली चढणारे आमच्याकडं पुष्कळ. हवेचा दाब घाटात कमी होत जातो, अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला तेवढं निमित्त पुरतं. मी रात्री खालीच मुक्काम करतो. घरी सांगतो, नायट्रोजन. बायको म्हणते, सुरमई.