बाळासाठी मोडाच्या नाचणीचं पीठ घरीच: सगळी मेख वाळवण्यात

सहा महिने पूर्ण झाले की बाळाचं वरचं खाणं सुरू होतं, आणि त्याच आठवड्यात घरात बाळाच्या तयार पिठाचं पहिलं पाकीट येतं. तीनशे ग्रॅमचे दोनशेच्या वर रुपये. तेवढ्या पैशांत वाण्याकडून दोन-तीन किलो नाचणी येते. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अन्नाच्या जाहिरातींना 1992च्या कायद्याने आणि 2003च्या दुरुस्तीने बंदी आहे. तरी पाकिटं खपतात, कारण घरी करणं जिकिरीचं असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. जिकिरीची पायरी एकच आहे.

अर्धा किलोच घ्या. बाळ एका वेळी दोन चमचे खातं, पाच किलोचा घाट घालू नका. नाचणी निवडून नीट रोळा, तिच्यात बारीक वाळू असतेच. रात्रभर भिजवा, निथळा, ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवा आणि फडकं सुकू देऊ नका. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड दिसतात, थंडीत तिसरा उजाडतो. मोड दाण्याएवढे झाले की पुरे. दाणे बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर सगळं फेकून द्या. धुऊन वापरायचा मोह नको.

एवढा खटाटोप कशासाठी? मोड येताना दाण्यातला स्टार्च फोडणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात. त्यामुळे खीर पिठूळ गोळा न होता सैल राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बाळाचं पोट मुठीएवढं, त्यात नुसतं पाणी कशाला भरायचं?

आता वाळवणं. माझी पहिल्या खेपेला दमछाक झाली ती इथेच. व्हिडिओत ‘दोन तास उन्हात ठेवा’ असं सांगून मोकळे होतात. दोन तासांत वरचे दाणे कोरडे दिसतात आणि आतला ओलावा तसाच राहतो. त्या ओलाव्यासकट दळलं की आठवड्याभरात डब्याला कुबट वास येतो. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच तिथे असते, आणि काही बुरश्यांचं विष शिजवूनही जात नाही. बाळाच्या बाबतीत हा जुगार खेळू नका.

दाणे धुतलेल्या पंचावर एकाच थरात पसरा. ढीग केला की मधले दाणे पुन्हा तापतात आणि मोड वाढत राहतात. फ्लॅटमध्ये गच्ची नसेल तर पंख्याखाली ठेवा, दर दोन-तीन तासांनी हात फिरवा. मग परीक्षा घ्या: मूठभर दाणे तळहातांत चोळले की मोड भुश्यासारखे गळून पडले पाहिजेत, आणि दाणा दाताखाली कट्‌ करून फुटला पाहिजे. चिवट लागला तर अजून एक दिवस. पावसाळ्यात नवखीने हे करूच नये, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा मुगाची डाळ-तांदूळ मऊ शिजवून द्या, बाळाचं काही अडत नाही.

चोळून मोड पाखडून टाका. कढईत मंद आचेवर दाणे फक्त गरम होईपर्यंत परता. ‘खमंग भाजा’ हा सल्ला इथे चुकीचा, कारण ती विकरं त्यात मरतात. गार झाल्यावर मिक्सरमध्ये थोडं थोडं दळा आणि वस्त्रगाळ करा. गिरणीत नेलंत तर आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू किंवा बेसन त्यात येणारच. पीठ कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

बदाम, काजू, पिस्ते, साबुदाणा, वेलची असं पंधरा जिन्नसांचं ‘पौष्टिक’ मिश्रण करू नका. बचत तिथेच संपते, सुक्यामेव्याने पीठ खवट होतं, आणि बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तर नेमकं कशाने, हे देवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच नवीन पदार्थ, मध्ये तीन-चार दिवस. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे खरं. लोहासाठी मात्र तिच्यावर विसंबू नका, डाळी आणि पालेभाज्या हव्यातच. घरात चालत असेल तर अंडं-मासळीही.

शिजवताना पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग गॅसवर ठेवून ढवळत नीट उकळी आणा. खीर कोमट झाली की हवं तर आईचं दूध मिसळा, थेंबभर तूप घाला. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नाही. मध तर अजिबातच नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. उरलेली उष्टी खीर पुन्हा गरम करून भरवू नका. दोन चमचे पीठ वाया गेलं तरी ते चार आण्यांचं असतं.