पहिल्यांदा जपानला जाताना: सामान, स्टेशनं आणि दाशी

जपानमध्ये भाषा येत नाही म्हणून फारसं काही अडत नाही. स्टेशनांवरच्या पाट्या इंग्रजीतही असतात, मेनूकार्डावर फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर मिळतं, आणि रस्ता विचारला तर कितीतरी माणसं कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात. अडतं ते आपल्या "बघू तिथे गेल्यावर" या सवयीपायी. ऐन वेळी "जरा ॲडजस्ट करा" म्हटलं, तर समोरचा कमरेत वाकून माफी मागतो आणि नियम जिथल्या तिथे राहतो. तीच गोष्ट चार दिवस आधी कळवली, तर ती बिनचूक झालेली सापडते. खालचं सगळं याच हिशोबाने वाचा.

कधी जायचं

२९ एप्रिल ते ५ मे हा 'गोल्डन वीक', ऑगस्टच्या मध्याचा 'ओबोन' हा पितरांचा सण आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी हे तीन काळ टाळा. अख्खा देश तेव्हा गावी निघालेला असतो. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाड्यांचं जे होतं तेच, फक्त रांगेत. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, ऑगस्टमध्ये मुंबईसारखा घामट उकाडा, सप्टेंबरात वादळं. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, टोकियोत साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलतो. पण फुलं आठवडाभर टिकतात आणि हॉटेलचे दर तेवढ्यासाठी दुप्पट होतात. आमचं मत विचाराल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. हवा कोरडी, ऊन कोवळं आणि क्योटोत मेपल लाल झालेले.

बॅग भरताना

आधी औषधं बघा, कारण इथली चूक महागात पडते. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना जपानमध्ये बंदी आहे. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या काही गोळ्या त्यात येतात, तेव्हा पाकिटामागचे घटक वाचा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडची नेहमीची औषधं एका महिन्यापुरती चालतात. चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. महिन्याहून जास्त साठा न्यायचा तर आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते.

नातेवाइकांसाठी आंब्याची पेटी नेऊ नका. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि तांदूळसुद्धा रोपतपासणीच्या दाखल्याशिवाय आत जात नाही. मांसाचे पदार्थ, चिकनचं लोणचं वगैरे, बंद पाकिटात असले तरी काढून घेतात.

वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पट्ट्यांचं असतं. आपली गोल पिन त्यात जात नाही, आणि लॅपटॉपची तीन पिनांची वायर तर नाहीच. अडॅप्टर इथूनच घ्या. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० व्होल्टवर चालतात. घरची किटली किंवा इस्त्री नेलीत तर ती नुसती कोमट होईल. बूट असे घ्या की वाकून नाड्या न सोडता निघतील, कारण देऊळ, जुनं घर, काही हॉटेलं, कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम, सगळीकडे ते काढायचे असतात. मोजे फाटके नसावेत, एवढंच.

विमानतळावरचा पहिला तास

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तो वेळेत काढा. निघण्याआधी 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

बाहेर आलात की तीन कामं: रोख, कार्ड, गाडी. रोख सेव्हन बँकेच्या एटीएममधून काढा. तिथे परदेशी कार्डं चालतात आणि सूचना इंग्रजीत येतात. त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर निघण्याआधी सुरू केलेला हवा. हे राहून जातं आणि मग मध्यरात्री ओटीपी येत नाही. माणशी १५-२० हजार येन रोख पुरे. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. रामेनच्या (रश्श्यातल्या नूडल्सच्या) छोट्या दुकानांतली काही जुनी कुपन यंत्रं अजून त्या घेत नाहीत, म्हणून शंभर आणि पाचशेची नाणी उडवून टाकू नका.

कार्ड म्हणजे आधी पैसे भरून स्टेशनच्या गेटवर टेकवायचं प्रवासकार्ड: सुइका, पास्मो किंवा ओसाकाकडचं इकोका. कुठलंही एक घ्या, बहुतेक मोठ्या शहरांत तिन्ही चालतात. पर्यटकांच्या 'वेलकम सुइका'ला अनामत नाही, पण ते २८ दिवसांत संपतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. आयफोन असेल तर वॉलेटमध्ये सुइका घेता येतं. भारतातल्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा त्यासाठी लागणारी चिप नसते. प्लास्टिकच्या कार्डात पैसे भरायला स्टेशनवरच्या यंत्रात रोखच टाकावी लागते.

गाडीचं सोपं आहे. टोकियोचे विमानतळ दोन. हानेदा शहरातच आहे, केइक्यू रेल्वेने पाव तासात शहरातलं शिनागावा स्टेशन येतं. नारिता साठेक किलोमीटर लांब. तिथून स्कायलायनर ही गाडी पाऊण तासात टोकियोतल्या उएनोला पोचवते. टॅक्सीचा विचार सोडा, नारिताहून तिचं भाडं हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा जास्त होतं.

गाड्या आणि दारं

मुंबईकरांना स्लो आणि फास्ट समजवायला नको. इथे पायऱ्या जास्त आहेत: लोकल, रॅपिड, एक्स्प्रेस, लिमिटेड एक्स्प्रेस. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) लिमिटेड एक्स्प्रेसला साध्या भाड्यावर वेगळं तिकीट लागतं, तर काही खासगी कंपन्यांच्या त्याच नावाच्या गाडीला लागत नाही. शंका आली तर डब्यात चढण्याआधी फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारा. एकाच फलाटावर पाच मिनिटांत तीन वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या येऊ शकतात, म्हणून फलाट क्रमांकापेक्षा गाडीची अचूक वेळ बघा. ८.१४ ची गाडी ८.१४ लाच येते. ८.१२ ला आलेली गाडी तुमची नव्हे.

गेटवर कार्ड फेकल्यासारखं फिरवू नका, पूर्ण एक सेकंद टेकवा. लाल दिवा लागून फळ्या बंद झाल्या, तर बहुतेक वेळा कार्डात पैसे कमी असतात. मागच्याला वाट देऊन बाजूच्या भाडे-जुळवणी यंत्रात कार्ड घाला, उरलेले भरा, परत या. पैसे असूनही दार उघडत नसेल, तर आधीच्या स्टेशनवर बाहेर पडताना कार्ड वाचलं गेलेलं नाही. ते फक्त माणूस बसलेल्या खिडकीवर सुटतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो चुकीच्या दारातून बाहेर पडण्यात. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत. एक दार चुकलं की हॉटेल समोर दिसतं, पण मधे रूळ असतात आणि वळसा वीस मिनिटांचा पडतो. म्हणून हॉटेलच्या पत्त्याबरोबर दाराचं नाव किंवा क्रमांक (ए७, दक्षिण दार असं काही) लिहून ठेवा. फलाटावरून जिना चढण्याआधी पिवळ्या पाटीवर तोच शोधा, जिना चढल्यावर नव्हे.

शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमाराला जाते, पहिली पहाटे पाचच्या आसपास. मधे टॅक्सी, आणि रात्री दहानंतर तिला २० टक्के जादा. टॅक्सीचं मागचं दार चालक आतून उघडतो आणि लावतो, तुम्ही ओढू नका.

जेआर पास, म्हणजे जेआरच्या गाड्यांतून ठरावीक दिवस हवं तितकं फिरण्याचा पास, याबद्दलचे जुने सल्ले विसरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. टोकियो-क्योटोचं एका वेळचं शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) तिकीट साधारण १४ हजार येन आहे. जाऊन-येऊन २८ हजार होतात, मग पास कशाला? सरळ तिकीट काढा. क्योटोकडे जाताना 'ई' अक्षराची खिडकीजवळची जागा मागा. निघाल्यावर पाऊण तासाने उजव्या हाताला फुजी दिसतो, ढग नसले तर.

मोठी बॅग

टोकियो-क्योटो मार्गावर बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली, तर डब्याच्या शेवटच्या रांगेतली खास जागा आधी राखावी लागते. त्याला जादा पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर १,००० येन द्यावे लागतात. घरीच टेप लावून मोजा, चाकं आणि मूठ धरून.

त्याहून चांगलं म्हणजे बॅग गाडीत न्यायचीच नाही. 'ताक्क्यूबिन' म्हणजे घरपोच सामान सेवा. हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्या, पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि तुमची पोचायची तारीख लिहा. टोकियोहून क्योटोला ती दुसऱ्या दिवशी खोलीत असते. आकारानुसार दोन ते तीन हजार येन. मधल्या एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत ठेवा. पासपोर्ट तर कायमच जवळ हवा, परदेशी माणसाला तो बाळगण्याची कायद्याने सक्ती आहे.

शाकाहारी असाल तर हे दोनदा वाचा

मासे-मटण खाणाऱ्याला जपान स्वर्ग आहे, त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. शाकाहारी माणसाची अडचण डोळ्यांना दिसत नाही, ती पाण्यात असते. दाशी हे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेकदा 'कात्सुओबुशी'चं, म्हणजे धुरावर वाळवलेल्या माशाच्या पातळ सालींचं करतात. मिसो सूप, उदोन नूडल्स, सोबा नूडल्सबरोबरची चटणी, तेंपुराचं बुडवण, शिजवलेला भोपळा, गोडसर ऑम्लेट, सगळ्यात ती असते. ताटात माशाचा तुकडा नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, अशी तिथल्या आचाऱ्याची प्रामाणिक समजूत आहे. तो फसवत नसतो.

म्हणून 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबू नका. एक-एक पदार्थ नावाने नाकारणारं कार्ड जपानीत छापून न्या: गोमांस, डुक्कर, कोंबडी, हॅम, मासे, झिंगे, माशाची दाशी नको, दूध चालतं, अंडं चालतं किंवा नाही. 'निकु' म्हणजे मांस, पण तेवढंच सांगितलं तर कोंबडी आणि हॅम सुटून जातात. तोंडी सांगायचं तर, "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस", म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. हे कार्ड जागा राखतानाच पाठवा. टेबलावर बसल्यावर दाखवलंत तर आचाऱ्याची दाशी सकाळीच करून झालेली असते.

फसवणारे पदार्थ काही ठरलेले आहेत. जपानी करी घरच्यासारखी दिसते, पण तिच्या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. भाज्यांच्या रामेनचं पाणी हाडांचं असू शकतं. थंड तोफूवर भुरभुरलेल्या तपकिरी साली म्हणजे कात्सुओबुशी. "कात्सुओबुशी नाशी" म्हणून ती आधीच वगळायला सांगा, आणि सॉस सोया सॉसच आहे ना ते विचारा.

रोजचं पोट भरायचं ते कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात. उकडलेल्या एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), केळी, भाजलेलं रताळं, खारट भाताचा गोळा ही भरवशाची मंडळी. साध्या पांढऱ्या भाताचं पाकीट मिळतं, ते दुकानदार मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतो. त्यावर घरून नेलेलं मेतकूट आणि बिनसाखरेचं दही घाला. दह्याच्या डब्यावर 'प्लेन' आहे ना ते कॅमेऱ्याने तपासा, नाहीतर गोड दही-भात खावा लागेल.

पूर्ण शाकाहारी, तेही कांदा-लसणाशिवाय, जेवायचं असेल तर कोयासानला एक रात्र राहा. वाकायामा प्रांतातलं हे सुमारे ८०० मीटर उंचीवरचं बौद्ध तीर्थक्षेत्र. इथल्या मठांत मुक्काम करता येतो आणि 'शोजिन र्योरी' नावाचं भिक्षूंचं जेवण मिळतं. दाशी कोंबु नावाच्या समुद्री पानाची आणि शिताके अळंबीची. कंदमुळं मात्र असतात, जैन मंडळींनी ते आधी कळवावं. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार आणि मग बस. वरच्या स्टेशनपासूनचा रस्ता पायी चालायला बंद आहे, म्हणून बस सोडू नका. एकूण दोन तास धरा. संध्याकाळी पाचच्या आत पोचा, कारण जेवण साडेपाच-सहाला वाढतात आणि उशिरा येणाऱ्यासाठी ताट राखून ठेवत नाहीत. दोन जेवणांसह माणशी साधारण १२ ते २० हजार येन. इथल्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. वाट वाकडी न करता तो बघून होतो.

वागणं

रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत. १९९५ च्या सारिन वायू हल्ल्यानंतर त्या बऱ्याच ठिकाणांहून काढल्या. कचऱ्यासाठी एक पिशवी खिशात ठेवा. गाडीत फोनवर बोलत नाहीत. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. टीप देऊ नका, दिलीत तर माणूस ती परत करायला मागे धावत येतो. इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी येते आणि बिलात तीनशे-चारशे येन लागतात. ते जागेचं भाडं समजा, त्यावर हुज्जत घालू नका.

गरम पाण्याच्या कुंडात, म्हणजे ओनसेनमध्ये, कपडे घालून उतरता येत नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मग कुंड. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. अंगावर गोंदण असेल तर बऱ्याच ठिकाणी नकार मिळतो, त्यांच्यासाठी तासावर भाड्याने मिळणारं खासगी कुंड असतं.

जमीन हलली तर

सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले की काही सेकंद हाताशी आहेत. टेबलाखाली जा, डोकं झाका, बाहेर धावू नका. बाहेर काचा आणि पाट्या पडतात. लिफ्ट नको. समुद्रकाठी असाल तर धक्का थांबताच उंचावर चढा, सूचनेची वाट बघू नका. जपान पर्यटन विभागाचं 'सेफ्टी टिप्स' ॲप आधीच घालून ठेवा. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११९.

परतताना

करमुक्त खरेदीला खरा पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून कर दुकानात वजा न होता विमानतळावर परत मिळणार आहे, तेव्हा त्या तारखेनंतर जाणाऱ्यांनी तासभर जास्त हाताशी ठेवावा आणि ती खरेदी चेक-इनच्या बॅगेत आधीच कोंबू नये. नाणी भारतात कोणी बदलून देत नाही, ती कोनबिनीत संपवा. साध्या सुइकाची ५०० येन अनामत फक्त पूर्वेकडच्या जेआरच्या खिडकीवर परत मिळते, इकोकाची पश्चिमेकडच्या. टोकियोत उतरून ओसाकाहून परतणार असाल तर सुइकातले पैसे ओसाकाच्या विमानतळावर खाऊवर खर्चा. कार्ड जपून ठेवा, शेवटच्या वापरापासून दहा वर्षं ते चालतं.