जपानी म्हणी इंग्रजीतून शिकताय? या चुका टाळा

जपानी शिकणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या वहीत तीन रकाने असतात. पहिल्यात जपानी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी अर्थ आणि तिसऱ्यात, वेळ मिळालाच तर, मराठी. हा तिसरा रकाना दुसऱ्यावरून भरलेला असतो आणि घोटाळा तिथेच होतो. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागे लागतात, मान-आदराचे थर आहेत. हे सगळं मराठीत असताना मधे इंग्रजीचा वळसा कशाला?

'देरु कुइ वा उतारेरु' ही म्हण बघा. इंग्रजीत तिचा खिळा झाला आहे : वर आलेला खिळा ठोकला जातो. मराठी वह्यांमध्येही खिळाच उतरतो. पण 'कुइ' म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा. खिळ्याला 'कुगि' म्हणतात. एका रांगेत ठोकलेल्या खुंट्यांपैकी एखादा उंच राहिला की घाव त्याच्यावर बसतो, असं हे चित्र आहे. चारचौघांत डोकं वर काढणाऱ्याची गत सांगायला सुट्या खिळ्यापेक्षा रांगेतला खुंटा किती नेमका आहे!

काही म्हणी खुद्द जपानी माणसांनाही चकवतात. 'नासाके वा हितो नो तामे नाराझु' ही त्यातली सगळ्यांत मोठी. शब्दाला शब्द लावला तर 'दया दुसऱ्यासाठी नसते'. यावरून पुष्कळ लोक 'दया दाखवून माणसाचं भलं होत नाही, तो बिघडतो' असा अर्थ घेतात. जपानच्या बुन्काचो या सरकारी सांस्कृतिक संस्थेच्या भाषा-पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांनी हाच अर्थ सांगितला होता. खरा अर्थ उलट आहे : दया केवळ दुसऱ्यासाठी नसते, ती फिरून आपल्याकडेच येते, म्हणून करत राहा. चूक होते ती 'नाराझु' या जुन्या नकारामुळे. तो इथे 'नव्हे' या अर्थाने आला आहे. आजच्या बोलीत 'तामे नि नारानाइ' म्हणजे 'हिताचं ठरत नाही'. वाचणारा मनातल्या मनात तो 'नि' घालतो आणि म्हण उलटी होते. जुनं व्याकरण असलेली म्हण दिसली की इंग्रजी अर्थावर विसंबू नका, जपानी-जपानी कोश उघडा.

अर्थ बरोबर असूनही म्हण चुकीच्या माणसापुढे वापरली जाते, ते वेगळंच. 'सारु मो कि कारा ओचिरु', म्हणजे माकडसुद्धा झाडावरून पडतं. सोपी म्हण म्हणून ती लवकर पाठ होते, आणि मग एखादा विद्यार्थी फळ्यावर चुकलेल्या सेन्सेइंना धीर द्यायला तीच म्हणतो. म्हणजे गुरुजींना माकड म्हणून मोकळा! अशा वेळी शक्यतो गप्प बसावं. बोलायचंच असेल तर 'कोबो नि मो फुदे नो आयामारि' बरी : कोबोंच्या कुंचल्याकडूनही चूक होते. कोबो दाइशि म्हणजे बौद्ध आचार्य कूकाइ (774–835), सुंदर हस्ताक्षरासाठी नावाजलेले. एका वेशीच्या फलकावर एक ठिपका द्यायला ते विसरले, अशी दंतकथा आहे.

मराठी जोड शोधताना घाई नको. 'उमा नो मिमि नि नेम्बुत्सु' (घोड्याच्या कानात नामजप) याला 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता' ही जोड चपखल बसते. 'नेको नि कोबान' म्हणजे मांजरापुढे सोन्याचं नाणं. ती उपदेशाबद्दल नाही, मोलाच्या वस्तूबद्दल आहे. तिला 'गाढवाला गुळाची चव काय' हवी. दोन्हींपुढे एकच अर्थ लिहून ठेवू नका.

आता शब्द. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं पहिल्याच धड्यात भेटतं, आणि लोक ते वरिष्ठांनाही लावतात. तिथे आडनावाला 'सान' जोडून बोलायचं असतं. आणि बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ सरळ आपलं 'अहो'! 'सान' मात्र स्वतःच्या नावाला कधीही लावू नका. आपणही स्वतःची ओळख 'मी अमुकराव' अशी करून देत नाही.

देवनागरीत उच्चार लिहिणाऱ्यांसाठी एक धोका. आ, ई, ऊ दीर्घ दाखवता येतात, पण लांब 'ओ'साठी आपल्याकडे वेगळी खूण नाही. 'कोको' म्हणजे 'इथे', आणि दोन्ही 'ओ' लांबवले की 'उच्च माध्यमिक शाळा'. वहीत दोन्ही सारखेच दिसतील. म्हणून लांब स्वरापुढे आडवी रेघ द्या, आणि हिरागाना ही जपानी लिपी पहिल्या महिन्यातच पक्की करा.

जेवणाआधीचं 'इतादाकिमासु' जेवणाऱ्यानं स्वतः म्हणायचं असतं, 'मी हे नम्रपणे स्वीकारतो' या भावनेनं. पाहुण्याला 'सावकाश जेवा' म्हणायला ते वापरू नका. जेवण झाल्यावरच्या 'गोचिसोसामा देशिता'पुढे इंग्रजी रकान्यात 'जेवणाबद्दल आभार' एवढंच सापडतं. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावाधाव. पाहुण्यासाठी यजमानानं केलेली ती धावपळ. तिसऱ्या रकान्यात बिनधास्त लिहा : अन्नदाता सुखी भव.